सुटे कॉमिक्स नाशिकमध्ये: अंक १ मिळतो, ३ मिळतो, मधला २ कुठे जातो?

आडगाव_नाका:
कॉलेज रोडच्या बाजूला एका दुकानात अमेरिकन कॉमिक्सचे सुटे अंक येतात. एका नव्या मालिकेचा अंक १ काउंटरवरच मिळाला. आवडला म्हणून तिथेच पुढचे सांगून ठेवले. अंक ३ आला, २ आलाच नाही. विचारलं तर "तो आला नाही" एवढंच उत्तर. नवे अंक नाशिकला नक्की कधी पोचतात, मागणी केव्हा आणि कशी नोंदवायची म्हणजे मालिका सलग मिळेल? आणि पावसाळ्यात हे ठेवायचे कसे, तेही कुणी सांगा.

रामशेज:
दुकानदार टाळाटाळ करत नसावा. तुमचा २ नेमका फटीत पडलाय.

तिकडे सुटे अंक दुकानांना परत न घेण्याच्या बोलीवर विकतात. पुस्तक खपलं नाही तर वितरकाकडे परत जातं, मासिक अंक मात्र दुकानदाराच्या गळ्यात पडतो. त्यामुळे तो मोजूनच मागवतो, आणि ती मागणी अंक निघायच्या साधारण तीन-चार आठवडे आधी पक्की करावी लागते. ही शेवटची तारीख म्हणजे फायनल ऑर्डर कट-ऑफ, दुकानांच्या भाषेत एफओसी.

आता तारखा मांडून बघा. समजा अंक १ तिकडे बुधवारी, ७ जानेवारी २०२६ ला निघाला. मग २ निघणार ४ फेब्रुवारीला आणि ३ निघणार ४ मार्चला. अंक २ चा कट-ऑफ जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात केव्हातरी होऊन जातो. पेटी विमानाने मुंबईत येणं, कस्टम्समधून सुटणं, तिथून नाशिकला येणं, याला चार आठवडे धरले तर अंक १ तुमच्या हातात पडतो त्याच सुमारास २ तिकडे विक्रीला लागलेला असतो. ३ चा कट-ऑफ मात्र अजून आठवडाभर लांब असतो. तुम्ही काउंटरवर सांगितलंत ते ३ ला लागू पडलं, २ ची गाडी तेव्हाच सुटून गेली होती.

मग दुकानदाराने २ आपणहून का नाही मागवला? मागवला असेलही, पण कमी. पहिल्या अंकाला कव्हरं गोळा करणारे, नुसते चाखून बघणारे, पुढे विकायला घेणारे असे सगळे येतात. दुसऱ्याला फक्त वाचणारे उरतात. हे दुकानांना पाठ असतं, त्यामुळे पहिल्याचे दहा घेणारा दुसऱ्याचे चार-पाच घेतो आणि तेही आधी नाव लिहून ठेवलेल्यांच्या खात्यात जातात.

पांडवलेणी:
रामशेज यांच्या हिशोबात एक भर. चार आठवडे हा बरा अंदाज आहे, सहासुद्धा लागतात, कारण माल आता एका ठिकाणहून येत नाही. पूर्वी जवळपास सगळं डायमंड या एकाच वितरकाकडून यायचं. २०२० मध्ये डीसी ही प्रकाशन कंपनी तिथून बाहेर पडली, ऑक्टोबर २०२१ पासून मार्व्हलचं वितरण पेंग्विन रँडम हाउसकडे गेलं, इमेज ही आणखी एक प्रकाशन कंपनी २०२३ मध्ये लूनर या वितरकाकडे आली, आणि जानेवारी २०२५ मध्ये डायमंडने दिवाळखोरीचा अर्जच केला. आता डीसी आणि इमेज लूनरकडून, मार्व्हल दुसरीकडून. आपल्याकडे मागवणारा या वेगवेगळ्या गोदामांचा माल एका पेटीत जमवून मग पाठवतो, म्हणजे भाडं परवडतं. एक गठ्ठा मागे राहिला की अख्खी पेटी थांबते.

बुधवार हा वार तेवढा पक्का. डीसीने मध्ये काही वर्षं मंगळवार धरला होता, जुलै २०२४ पासून तेही बुधवारी परत आले. पण तो अमेरिकेतला बुधवार. नाशिकच्या दुकानात बुधवारी जाण्यात काही अर्थ नाही, पेटी फुटते त्या दिवशी जावं. व्हॉट्सॲपवर सांगतात का ते विचारून ठेवा.

मागणी तोंडी नको, लिहून द्या. नुसतं मालिकेचं नाव पुरत नाही, कारण एकाच नावाची मालिका दर काही वर्षांनी पुन्हा १ पासून सुरू होते. शिवाय एकाच अंकाची वेगवेगळी कव्हरं निघतात, त्यातलं मुख्य ते कव्हर ए. मालिकेचं नाव, सुरू झाल्याचं वर्ष, "अंक १ ते ५, कव्हर ए, प्रत्येकी एक" आणि त्याखाली "कव्हर ए नसेल तर कोणतंही साध्या किमतीचं चालेल" ही ओळ. ती नसली तर दुकानदार ए संपला म्हणून काहीच घेत नाही, आणि तुम्ही परत इथे प्रश्न टाकता. 🙂 थोडा ॲडव्हान्सही द्या. परत न जाणारा माल तुमच्या नावावर घ्यायचा तर त्याला काहीतरी आधार हवा.

गोदाकाठचा:
अंक हातात आल्यावर बारकोड बघायची सवय लावा. मोठ्या बारा आकडी बारकोडला चिकटून पाच आकड्यांचा छोटा बारकोड असतो. त्यातले पहिले तीन आकडे अंकाचा क्रमांक, चौथा कव्हरचा, पाचवा छपाईचा. ००२११ म्हणजे अंक २, मुख्य कव्हर, पहिली छपाई. ००२२१ म्हणजे तोच अंक, दुसरं कव्हर. ००२१२ म्हणजे दुसरी छपाई. बाहेरचं चित्र बदललं की लोक नवा अंक समजून तोच परत विकत घेतात, आतली पानं तीच असतात.

किमतीचंही सांगतो. ४.९९ डॉलरचा अंक, डॉलर ९० रुपये धरला तर ४४९ होतो, त्यावर भाडं. छापील पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे, बाहेरून येणाऱ्या पुस्तकांवर २०१९ पासून ५ टक्के सीमाशुल्क आहे. प्रत्येक अंकाची घासाघीस करण्यापेक्षा "डॉलरमागे किती लावता" एवढंच विचारा आणि तो दर ठरवून घ्या. १:२५ असं लिहिलेलं कव्हर साध्या किमतीत मागू नका. दुकानाने साधे पंचवीस घेतले तर ते एक मिळतं. आपल्याकडे एका मालिकेचे पंचवीस कोण घेतंय?

आडगाव_नाका:
बारकोडचं माहीतच नव्हतं. आत्ता काढून पाहिलं, माझा ३ हा ००३२१ निघाला. म्हणजे कव्हर बी. मग २ साठी दुसऱ्या छपाईची वाट बघू का?

गोदाकाठचा:
वाचायचाच असेल तर बघा, पण दुसरी छपाई प्रत्येक अंकाची निघत नाही. पहिली वितरकाकडेच संपली आणि मागणी उरली तरच काढतात. दुकानदाराला "२, कोणतीही छपाई, कोणतंही कव्हर" असं लिहून द्या. पुढच्या पेटीत मागवणाऱ्याकडे उरलेली एखादी प्रत सापडू शकते.

रामशेज:
नाहीतर सरळ संग्रहाची वाट बघा. पाच-सहा अंक एकत्र बांधलेलं पेपरबॅक शेवटच्या अंकानंतर काही महिन्यांत येतं. त्याला आयएसबीएन असतो, म्हणून ते पुस्तकांच्या रस्त्याने येतं आणि कॉमिक्स न ठेवणारा साधा पुस्तकविक्रेताही ते मागवू शकतो. तेरा आकडी नंबर लिहून द्या, नाव नको, नावात फार घोळ होतात. डीसीची छोट्या आकाराची कॉम्पॅक्ट मालिका जून २०२४ पासून आहे, साडेपाच बाय साडेआठ इंच, मूळ किंमत ९.९९ डॉलर. जुन्या गाजलेल्या कथा पहिल्यांदा वाचायला तिच्याइतकं स्वस्त काही नाही. अक्षर बारीक आहे, चाळिशीच्या पुढच्यांनी आधी दुकानात उघडून बघावं.

काळाराम_लेन:
पावसाळ्याचं राहिलं. आजचा अंक साधारण ६⅝ बाय १०¼ इंच. त्याला 'करंट' मापाची ६⅞ बाय १०½ ची पिशवी आणि ६¾ बाय १०½ चा बोर्ड, म्हणजे अंकामागे घालायचा पुठ्ठा, लागतो. तयार बॅग-बोर्ड महाग वाटले तर प्लास्टिकच्या ठोक दुकानातून पीपीची (पॉलिप्रोपिलीनची) ७ बाय ११ ची पिशवी घ्या, पीव्हीसीची नको. पीपी चुरगळली की कुरकुरते, पीव्हीसी मऊ असते आणि तिला नव्या रेनकोटसारखा वास येतो. हा वास सोडणारं रसायन पुढे कव्हरच्या शाईला चिकटतं.

बोर्डात बहुतेकांची फसगत होते. स्टेशनरीवाला जो करडा पुठ्ठा देतो तो रद्दीपासून बनलेला आणि आम्लधर्मी असतो. दोन-तीन वर्षांत मागच्या कव्हरवर पिवळट डाग उतरतात. ॲसिड-फ्री लिहिलेलाच घ्या.

पिशवीत भरायचं काम एप्रिल-मे मध्ये उरकावं, नाशिकची हवा तेव्हा कोरडी असते. जुलैत ओलसर झालेला कागद टेपने बंद केला की ती ओल आतच राहते, पिना गंजतात, पानं लाटेसारखी होतात. पावसाळ्यात घेतलेला अंक बोर्डासह पिशवीत ठेवा पण वरची घडी मोकळी सोडा, टेप दसऱ्यानंतर. अंक बाहेर काढताना टेप अर्धवट उचलू नका, पूर्ण सोडवून बाजूला लावा. नाहीतर अंक ओढताना कव्हर टेपला चिकटतं आणि वरचा थर सोलून निघतो. अंक खराब होण्याचं मला वाटतं हेच पहिलं कारण, पाऊस नंतर.

पेटीत अंक उभे ठेवा, कलते नाही. अर्धी पेटी रिकामी असेल तर मागे पुठ्ठ्याचा ठोकळा घालून घट्ट करा. बाहेरच्या भिंतीला लागून पेटी नको, खाली फळी हवी. सिलिका जेलच्या पुड्या नारिंगी रंगाच्या घ्या, हिरव्या झाल्या की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर तास-दोन तास तापवून परत वापरता येतात. डांबरगोळ्या अजिबात नकोत, त्यांची वाफ काही प्लास्टिकना मऊ करते आणि कागदाला धरलेला वास जात नाही.

पांडवलेणी:
काळाराम_लेन यांची मापं अमेरिकन अंकांची आहेत. हिंदी कॉमिक्स त्या पिशवीत बसतीलच असं नाही, पट्टीने मोजूनच पिशव्या घ्या. आणि राज कॉमिक्स मागवणार असाल तर प्री-ऑर्डरच्या पानावर छाप कुणाची ते वाचा. १९८६ ची मूळ कंपनी आता गुप्ता बंधूंच्या वेगवेगळ्या नावांखाली निघते, नागराजची तीच जुनी कथा दोन ठिकाणी मिळू शकते, कागद आणि आकार वेगळा. एक संच एकाच छापाचा घ्या, नाहीतर कपाटात रांग वरखाली दिसते.

आडगाव_नाका:
दुकानदाराला आत्ता मेसेज टाकला: मालिका, वर्ष, "२ कोणतीही छपाई, ४ ते ६ कव्हर ए, नसल्यास कोणतंही". डॉलरमागे किती तेही विचारलंय. उत्तर आलं की दर इथे टाकतो.