गुडघ्याच्या ऑपरेशननंतर पीआरपी घ्यावं का? उद्याच कळवायचंय

माळव्यातला: ऑपरेशनला 5 आठवडे झाले, पाय 70 अंशांपुढे वाकत नाही. आता 'बायोलॉजिकल' म्हणून पीआरपीची, म्हणजे आपल्याच रक्तातल्या प्लेटलेटवाल्या भागाची 3 इंजेक्शनं सुचवलीत. इंदुरात कोणी घेतलीत का? पटकन सांगा.

नलूमावशी: अरे, कसलं ऑपरेशन? माझा तर गुडघाच बदललाय. धातू-प्लास्टिकला रक्त टोचून काय होणार?

माळव्यातला: लिगामेंटचं, हाडं जोडणाऱ्या पट्ट्याचं. 34 वर्षांचा आहे हो मावशी!

सुदामानगरी: मग घेऊन टाक भिया. माझंच रक्त काढून मशिनमध्ये फिरवलं, लाल खाली बसलं, वरचं पिवळसर पाणी गुडघ्यात टोचलं. महिन्याभरात जिने चढलो.

फिजिओवाली: तसाही चढला असतास. लिगामेंटच्या ऑपरेशननंतर पीआरपीचा फायदा काही अभ्यासांत दिसतो, काहींत नाही. माळव्यातला, गुडघ्यातल्या गादीलाही (मेनिस्कस) टाके आहेत का? पाय सरळ होतो? गोळ्या कुठल्या?

भाऊसाहेब_पलासिया: त्यापेक्षा स्टेम सेल करा. मुळापासून बरं.

फिजिओवाली: काहीही काय! आयसीएमआरच्या (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 च्या नियमांप्रमाणे लिगामेंटसाठी ते फक्त संशोधन-चाचणीतच. पैसे मागितले तर सरळ उठून यायचं.

भाऊसाहेब_पलासिया: माझ्या साडूला गुण आला.

माळव्यातला: गादीला टाके आहेत, लिहायचं राहिलं. पलंगावर पाय पसरला की गुडघ्याखालून हात आरपार जातो. सुजेची गोळी रोज घेतो.

फिजिओवाली: म्हणजे सरळही होत नाहीये! वाकण्याआधी ते बघ. आखडलेला सांधा पीआरपीने सुटत नाही. शिवाय त्या गोळ्या प्लेटलेटचं काम दाबतात, म्हणून इंजेक्शनच्या आधी बंद करायला लावतात. स्वतःच्या मनाने करू नकोस, डॉक्टरांना विचार. टाके आहेत तर किती वाकवायचं तेही. फिजिओ चालू आहे ना?

माळव्यातला: मध्ये बहिणीचं लग्न होतं. दोन आठवडे बुडाले.

नलूमावशी: घ्या! हे पहिल्याच ओळीत यायला हवं होतं.

सुदामानगरी: तरी मी म्हणतो, फिजिओ करता करता एक घेऊन बघ.

छप्पनभोगी: लग्नात दाल-बाफले होते का?

माळव्यातला: होते. सगळे पंगतीत, मी एकटा खुर्चीवर पाय लांब करून. बरं, उद्या इंजेक्शनला नाही म्हणतो. आधी सर्जनना गुडघा दाखवतो.