शब्दचर्चा: पेशीचं वार्धक्य की जीर्णता?

प्रश्न
पेशींच्या आयुष्यावर मराठीत लेख लिहिते आहे. गुणसूत्र, केंद्रक, सूत्री विभाजन हे शब्द पाठ्यपुस्तकांनी रुजवले आहेत, तिथे अडचण नाही. अडलंय एकाच जागी. विभाजन कायमचं थांबलेल्या, पण जिवंत असलेल्या पेशीच्या अवस्थेला काय म्हणावं? वार्धक्य, जरा, की जीर्णता?

उत्तर १
आधी अवस्था नीट पाहू. लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड या शास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये दाखवलं, की माणसाच्या सर्वसाधारण पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या तर साधारण ४० ते ६० वेळा दुप्पट होतात आणि मग थांबतात. दर विभाजनागणिक गुणसूत्रांची टोकं, म्हणजे टेलोमिअर, थोडी आखूड होत जातात. फारच आखूड झाली, की पेशी ती डीएनएची मोडतोड समजते आणि विभाजनाचं चक्र बंद करते. पण मरत नाही! ऊर्जा वापरते, शेजारच्या पेशींवर परिणाम करणारी प्रथिनं बाहेर सोडत राहते.

म्हणून 'जीर्णता' मला पटत नाही. जीर्ण म्हटलं की झिजून निकामी झालेलं असं मनात येतं, आणि ही पेशी तर चांगलीच कार्यरत असते. 'जरा' वाचताना 'थोडंसं' असाच अर्थ आधी लागतो.

'वार्धक्य' मात्र फार चपखल आहे. वृद्ध आणि वृद्धी एकाच 'वृध्' धातूचे. वृद्ध म्हणजे मुळात वाढलेला. या पेशी खरोखरच मोठ्या आणि पसरट होतात. वाढ होत राहते, विभाजन तेवढं होत नाही.

उत्तर २
वार्धक्य मान्य. पण लेखात 'वाढ' हा शब्द जपून वापरा. ऊतीची वाढ बहुतेकदा पेशींच्या संख्येची असते, एका पेशीची वाढ आकाराची. दोन्ही एकत्र जातातच असं नाही. फलनानंतरच्या पहिल्या विभाजनांत भ्रूणाच्या पेशी न वाढताच दुभंगतात, त्यामुळे दर वेळी आधीपेक्षा लहान होतात. मी तर 'आकारवाढ' आणि 'संख्यावाढ' असेच लिहीन.

शिवाय न विभागणारी प्रत्येक पेशी वृद्ध नव्हे. यकृताच्या बहुतेक पेशी एरवी विभागत नाहीत, पण यकृताचा भाग कापला गेला की पुन्हा विभागू लागतात. त्यांना 'विश्रांत' म्हणावं.

प्रश्न
आणि तांबड्या रक्तपेशी? त्या साधारण १२० दिवस जगतात. शेवटच्या दिवसांत त्यांनाही वृद्ध म्हणायचं?

उत्तर १
नको. परिपक्व तांबड्या पेशीत केंद्रकच नसतं, तेव्हा विभाजन थांबण्याचा प्रश्नच येत नाही. तिचं पटल हळूहळू ताठर होतं, लवचिकपणा जातो आणि प्लीहा व यकृतातल्या भक्षकपेशी तिला गिळतात. तिथे 'जीर्ण' हाच शब्द वापरा.