प्रीप्रेसला जॉब लागलाय, प्लेट मारायच्या आधी फाइलमध्ये नेमकं काय काय बघायचं?

निळीशाई
नमस्कार मंडळी. आतापर्यंत मी सोशल मीडियाच्या पोस्ट, फ्लेक्स, लग्नपत्रिका असली डिझाइनची कामं करायचो, आता पुण्यात एका ऑफसेट प्रेसमध्ये प्रीप्रेसला (छापण्याआधी फाइल तपासून प्लेट काढायचं काम) लागलोय. सीटीपी (फाइलवरून थेट प्लेट काढणारं मशीन) आहे, शिकवणारे सीनियर पण आहेत पण दिवाळी अंकांचा सीझन सुरू झाल्यामुळे त्यांना मान वर करायला फुरसत नाही आणि मला सारखं सारखं विचारायला बरं वाटत नाही. फाइली कुठून कुठून येतात, कोणाची कोरलची, कोणाची इनडिझाइनची, एकाने तर अख्खा अंक वर्डमधून पीडीएफ करून पाठवलाय. काल सरांनी एक फाइल अर्धा मिनिट बघितली आणि "काळा चार प्लेटवर आलाय, परत पाठव" म्हणून पुढे गेले. मला स्क्रीनवर साधी काळी अक्षरं दिसत होती. हे त्यांना कुठे दिसलं? आणि प्लेट निघायच्या आधी काय काय बघायची सवय लावून घेऊ? काम मनापासून शिकायचंय.

चारप्लेटा
भावा आधी अभिनंदन, चांगल्या कामात आलायस. सरांनी बघितलं ते अॅक्रोबॅटच्या आउटपुट प्रिव्ह्यूमध्ये. ते उघड, सायन मजेंटा यलो ब्लॅक अशी चार नावं दिसतील, त्यातल्या ब्लॅकची टिक काढ. मजकूर गायब झाला तर तो फक्त काळ्या प्लेटवर आहे, म्हणजे बरोबर. अक्षरं पुसट रंगीत होऊन तशीच उभी राहिली तर समजायचं काळा चारही प्लेटवर आलाय. वर्डचा काळा आरजीबी (स्क्रीनच्या तीन रंगांचा) असतो, तो सीएमवायके (छपाईच्या चार शायांचा) करताना नेहमीच्या अडोबी सेटिंगला साधारण 75, 68, 67, 90 असा होतो, म्हणजे एका अक्षरावर 300 टक्के शाई! आता 10 पॉइंटचं देवनागरी अक्षर घे, त्याची बारीक मात्रा, रफार, अनुस्वार हे चार प्लेटांनी एकमेकांवर बरोब्बर बसवायचं म्हणजे मशीनवाल्याचा जीव काढणं आहे, कागद ओलाव्याने जरासा ताणला गेला तरी अक्षराला एका बाजूने लाल आणि दुसऱ्या बाजूने निळी कड दिसते आणि वाचणाऱ्याचे डोळे दुखतात. मजकूर कायम फक्त 100 टक्के ब्लॅक.

दुसरं तितकंच महत्त्वाचं, ओव्हरप्रिंट, म्हणजे खालचा रंग न कापता त्याच्यावरच छापणं. रंगीत पट्ट्यावर काळी अक्षरं असतील तर ती ओव्हरप्रिंटच हवीत, नाहीतर खालचा रंग अक्षराच्या आकाराने कापला जातो आणि रजिस्ट्रेशन (चारही प्लेटांचं एकमेकांवर बसणं) केसभर हललं की अक्षराभोवती पांढरी कड. पण हेच उलटं पांढऱ्याला लागू. कोणीतरी काळा लोगो उचलतो, त्याला पांढरा रंग देतो, आणि ओव्हरप्रिंटचं सेटिंग तसंच राहतं. डिझायनरच्या स्क्रीनवर लोगो दिसतोय, आणि प्लेटवर काहीच नाही कारण पांढऱ्याची प्लेट नसतेच. जाहिरातदाराचा लोगो अंकातून गायब झाला तर पैसे कोण देणार? म्हणून ओव्हरप्रिंटचं सिम्युलेशन चालू ठेवूनच पानं बघायची, रोज, प्रत्येक फाइलला.

आणि रजिस्ट्रेशन नावाचा रंग कुठे वापरलाय का बघ. दिसायला काळा, पण चारही प्लेटवर पूर्ण येतो, म्हणजे छापताना 400 टक्के.

फर्मावाला
वरच्या दादांनी रंगाचं सांगितलं, मी बाइंडिंगकडून आलोय म्हणून पानं लावायचं सांगतो. सॉफ्टवेअर इम्पोझिशन (मोठ्या शीटवर पानं क्रमाने लावणं) करून देतं हे खरं, पण त्याला सांगणारा माणूसच असतो, बाइंडर घडी कशी मारणार, पिन (मधोमध पिन मारलेलं) आहे की परफेक्ट (कण्याला गोंद लावलेलं), हे त्याला माहीत नसतं. नवीन जॉब आला की एक कोरा कागद घे, तीनदा घडी मार, न कापता पानांवर नंबर टाक आणि मग उलगड. हा तुझा 16 पानी फर्मा, म्हणजे एका शीटच्या घडीतली पानं. आता कण्याच्या घडीला शेजारी शेजारी आलेल्या पानांची बेरीज करून बघ, 1 आणि 16, 8 आणि 9, 4 आणि 13, 5 आणि 12, सगळीकडे 17. परफेक्ट बाइंडिंग असेल तर दुसऱ्या फर्म्यात 17 ते 32 पानं, तिथे बेरीज 49 यायला पाहिजे. हा हिशेब चुकला की समजायचं पान पालथं पडलंय. स्क्रीनवर कितीही बघा, हातातली डमी जे सांगते ते स्क्रीन सांगत नाही.

पिन बाइंडिंगमध्ये सगळे कागद एकात एक बसतात त्यामुळे मधली पानं बाहेर सरकतात, 64 पानी अंक 70 जीएसएम मॅपलिथोवर (साधा बिनचकाकीचा कागद) असला तर मध्यावर एक-दीड मिलिमीटर सहज जातो. कडेला चिकटवून पाननंबर टाकला असेल तर सुरुवातीला नीट दिसतो आणि मध्यावर कटिंगमध्ये अर्धा कापला जातो. याला क्रीप म्हणतात, सॉफ्टवेअरमध्ये तो भरता येतो पण कागदाची जाडी बाइंडरला विचारूनच भर. परफेक्ट बाइंडिंगला उलट कण्याकडून दोन-तीन मिलिमीटर घासला जातो, त्यामुळे दोन पानांवर पसरलेला फोटो आला की आधी बघ, मध्येच कोणाचा चेहरा तर नाही ना. कव्हरच्या कण्याची रुंदी अंदाजाने टाकू नको, त्याच कागदाची तेवढ्याच पानांची डमी करून मोज.

ब्लीड (कटिंगसाठी पानाच्या कडेबाहेर वाढवलेला रंग) 3 मिलिमीटर चारी बाजूंनी, हे तुला माहीत असेलच.

रफारताई
मराठी मजकुराबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितेय, कारण आपल्याकडे गोंधळ इथेच सगळ्यात जास्त होतो. लेखकांचे लेख युनिकोडमध्ये येतात, बऱ्याच डीटीपीवाल्यांकडे अजून श्री-लिपी नाहीतर आकृतीचे जुने फॉन्ट चालतात, मग कन्व्हर्टरमधून मजकूर जातो आणि त्यात ठराविक जागा हमखास मोडतात. "दुसऱ्या", "तऱ्हा", "वाऱ्यावर" यातला ऱ्य आणि ऱ्ह सर्च मारून बघायचाच. इनडिझाइनला वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारं सेटिंग) लावलेला नसेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर जाऊन बसते आणि जोडाक्षरं हलन्त होऊन तुटतात. काही फॉन्टमध्ये भाषा मराठी निवडली नाही तर ल आणि श हिंदी वळणाचे येतात, वाचणाऱ्याला नेमकं कळत नाही पण अंक परका वाटतो.

आणखी एक, गडद रंगावर पांढऱ्या बारीक अक्षरात मजकूर असेल तर मला तरी 8 पॉइंटखाली कधीच पटत नाही. शाई पसरते आणि सगळ्यात आधी अनुस्वार बुजतो. अशा ठिकाणी डिझायनरला फोन करून अक्षर जाड करून घे, स्वतःच्या मनाने बदलू नको. तू मजकुराला हात लावायचा नाही, पण दिसलेलं सांगितल्याशिवाय राहायचंही नाही.

निळीशाई
बापरे, एवढं सगळं! मनापासून धन्यवाद सगळ्यांना. आता आत्तापर्यंत आलेल्या सगळ्या फाइली परत उघडून बसलोय. दोन शंका. व्हॉट्सअॅपवर आलेले लेखकांचे फोटो आणि जुन्या मासिकातून स्कॅन केलेले फोटो, हे चालवायचे का? आणि शाईचा टोटल किती धरायचा, नेटवर जो तो वेगळा आकडा सांगतो.

चारप्लेटा
आकडे वेगळे कारण कागद वेगळे. आर्ट पेपरवर साधारण 300 पर्यंत चालतं, न्यूजप्रिंटला 240 च्या वर गेलास तर मागच्या पानावर शाई उमटते आणि वाळत नाही. तुमच्या मशीनला काय झेपतं ते मशीनमनला विचार, त्याने हजारो शीट काढलेत तिथे. आउटपुट प्रिव्ह्यूमध्येच टोटल एरिया कव्हरेजची टिक आहे, मर्यादा टाक, ओलांडलेला भाग रंगून दिसतो.

फोटोचं सोपं गणित, छपाईच्या स्क्रीनच्या लाइनच्या (एका इंचात ठिपक्यांच्या किती ओळी) दुप्पट पिक्सेल, तेही इंचाला. 150 लाइनला 300, न्यूजप्रिंटला 100 लाइन असेल तर 200 पुरतात. व्हॉट्सअॅप साध्या सेटिंगला फोटो दाबून लांब बाजू सुमारे 1600 पिक्सेलवर आणतं, म्हणजे 300 ला साडेतेरा सेंटिमीटर. लेखकाचा चौकटीतला छोटा फोटो चालून जाईल, पूर्ण पानाला नाही. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा सांगायचं, तेवढं केलं तरी निम्मा त्रास जातो.

छापलेल्यावरून केलेल्या स्कॅनला मॉइरे (नको असलेली जाळीची नक्षी) येतो कारण त्यात आधीचे ठिपके असतातच आणि त्यावर तुझे ठिपके बसतात. स्कॅन करतानाच डिस्क्रीन (ठिपके पुसणारं स्कॅनरचं सेटिंग) लाव. नंतर फोटोशॉपमध्ये कितीही धुतलं तरी चेहऱ्यावरची जाळी सहसा पूर्ण जात नाही.

दगडीछाप
मी फिल्मच्या काळातला. लाइट टेबलवर पॉझिटिव्ह लावून, लूप (ठिपके बघायचं भिंग) डोळ्याला लावून काम केलंय, म्हणून एकच भर घालतो. प्लेट मशीनमधून बाहेर आली की ती तशीच खाली पाठवू नकोस बाळा. लूपने बघ. ग्रिपरची (मशीन कागद जिथे पकडतं ती) बाजू सोडलीय का, चारही प्लेटांवर जॉबचं आणि रंगाचं नाव आहे का, रजिस्टर मार्क कापले गेले नाहीत ना, कुठे ओरखडा नाही ना. सपाट टिंट (ठिपक्यांनी केलेला एकसारखा फिका रंग) असलेल्या जागी ठिपक्यांच्या ओळी कोणत्या कोनात जातात ते बघायची सवय लाव, साधारणपणे सायन 15, मजेंटा 75, यलो 0 आणि काळा 45. नाव नसलं तरी लूपमधून प्लेट ओळखता आली पाहिजे. आणि पहिली शीट निघते तेव्हा मशीनपाशी उभा राहा, सीनियर ओरडले तरी चालेल. तुझ्या फाइलचं कागदावर काय होतं ते तिथेच कळतं.

निळीशाई
काका, आजच खाली जाऊन उभा राहिलो, मशीनमननी स्वतः लूप दिला हातात. आणि चारप्लेटा दादा, तुम्ही म्हणालात तो रजिस्ट्रेशन रंग वर्डवाल्या नाही पण दुसऱ्याच एका अंकात सापडला, सगळे पाननंबर त्याच रंगात होते. डिझायनरला फोन केलाय, संध्याकाळपर्यंत नवीन पीडीएफ देतो म्हणालाय, तोपर्यंत प्लेटा थांबवल्यात.