स्कीइंग : ‘आता जमलं!’ वाटलं तो क्षण सांगा

मंडळी, गुलमर्ग-औलीचा मोसम जवळ आला की ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच : "स्नोप्लाऊ (स्कीची पुढची टोकं जवळ आणून वेग आवरणं) येतो, सोप्या उतारावर जमतं, पण त्यापुढे गाडी सरकत नाही. काय करू?" ‘सराव करा’ हे उत्तर खरं आहे, पण त्याने कुणाचं काम होत नाही. म्हणून हा धागा. कितव्या दिवशी काय आलं ते नको. शरीरात नेमकं काय बदललं आणि कशामुळे, ते लिहा. पाय, गुडघा, नजर, बूट, काहीही चालेल.

सुरुवात मी करतो. गुलमर्गच्या गोंडोलाचा (रोपवेचा) पहिला टप्पा कोंगडोरीला संपतो, 3,000 मीटरच्या थोडं वर. तिथला उतार बघितला की मी मागे रेलायचो. भीती वाटली की सगळेच रेलतात. पण मागे रेललं की स्कीच्या पुढच्या भागावरचा भार निघून जातो, तो बर्फ धरत नाही, वळण बसत नाही आणि वेग वाढतो. वेग वाढला की भीती वाढते आणि माणूस आणखी मागे जातो. आमच्या काश्मिरी प्रशिक्षकांनी दोन्ही पोल (हातातल्या काठ्या) छातीसमोर आडवे धरायला लावले, आरतीचं ताट धरतो तसे, आणि म्हणाले, "जनाब, बूट को आगे से दबाओ." नडगी बुटाच्या जिभेवर टेकवायची आणि वळण पुरं होईपर्यंत टेकलेलीच ठेवायची. पहिल्यांदा तसं केलं तेव्हा स्की जवळजवळ आपण होऊन वळली. उताराच्या दिशेने अंग झोकल्यावर वेग ताब्यात येतो, हे मनाला पटत नाही. नडगीला मात्र लगेच पटतं.

— इन्सब्रुकहून :

माझं गाडं लाल पिस्टवर (आखलेल्या स्की-उतारावर) अडलं होतं. (युरोपात निळी सोपी, लाल मधली, काळी अवघड.) निळ्यावर मी मजेत, पण लाल पिस्टच्या कडेला उभी राहिले की पाय लटपटायचे. आमच्या बाईंनी त्या दिवशी एकही वळण शिकवलं नाही. फक्त साइडस्लिप. उताराला आडवं उभं राहायचं, दोन्ही घोटे किंचित दरीकडे सैल सोडायचे, की स्कीच्या कडा बर्फातून सुटतात आणि आपण उभ्याउभ्या खाली घसरतो. घोटे पुन्हा डोंगराकडे वळवले की थांबतो. सोडा, धरा, सोडा, धरा. तळपायाखाली बर्फ खरवडल्याचा आवाजसुद्धा ओळखीचा झाला.

मग लक्षात आलं, की मला वळणाची भीती नव्हतीच. मध्येच अडकले तर खाली कशी येणार, ही भीती होती. आता कुठल्याही उतारावरून, एकही वळण न घेता, उतरता येतं हे ठाऊक आहे. त्याच दुपारी लाल पिस्ट उतरले. माझ्या मते हे वळणांच्या आधी शिकवायला हवं.

— डेन्व्हरहून :

बूट! याबद्दल कुणी बोलत का नाही? भाड्याच्या दुकानात ‘आरामात बसतोय ना?’ विचारून सैल बूट देतात. आत टाच उचलली जाते, म्हणजे तुम्ही घोटा हलवता आणि स्कीला ते कळतच नाही. मला एका जाणकार फिटरने आतलं अस्तर काढून नुसत्या कवचात पाय घालायला लावला. बोटं पुढे टेकवल्यावर टाचेमागे एक-दोन बोटांची जागा राहिली पाहिजे. माझ्या जुन्या बुटात पंजा मावत होता. स्कीबुटाचा नंबर म्हणजे पावलाची सेंटिमीटरमधली लांबी, तेव्हा घरी पट्टीने मोजूनच जा. आणि मोजा एकच, पातळ. थंडी वाजेल म्हणून दोन घातले तर रक्त दाबलं जाऊन पाय जास्त गार पडतात. नीट बसणारे बूट घातल्यावर पहिल्याच फेरीत, आजवर शिकवलेलं सगळं एकदम लागू पडायला लागलं.

— टोरोंटोहून :

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन, साधनं नीट हवीतच. आमच्याकडे ब्लू माउंटन या स्की-ठिकाणी माथ्यापासून पायथ्यापर्यंतचा उतार जेमतेम 220 मीटर उंचीचा, पण बर्फ कित्येकदा काचेसारखा टणक. स्कीच्या कडांना धार करून घेतली आणि निम्मी भीती गेली. एवढंच.

— पुण्याहून :

मला टीव्हीने शिकवलं म्हणा. 2022 च्या बेजिंग ऑलिंपिकमध्ये काश्मीरचा आरिफ खान जायंट स्लॅलम (रोवलेल्या फाटकांमधून वळणं घेत उतरण्याची शर्यत) उतरला, 45वा आला. मी त्या शर्यतीत सगळ्यांचे फक्त पाय बघत होतो. प्रत्येक वळणात बाहेरचा पाय लांब आणि भार पेलणारा, आतला दुमडलेला. म्हणजे डावीकडे वळताना उजव्या पायावर उभं राहायचं. पुढच्या हिवाळ्यात मनालीजवळच्या सोलांगला सोप्या उतारावर वळणाच्या मध्यात आतली स्की जराशी उचलून बघितली. ती उचलता आली, तर भार बरोबर जागी आहे. नाही आली, तर नाही. याहून सोपी परीक्षा मला माहीत नाही. घाईने अवघड उतारावर मात्र करू नका.

— नाशिकहून :

औलीला मी सतत स्कीच्या टोकांकडे बघत असे. मान खाली, म्हणून खांदे खाली, म्हणून तोल पुढे कोसळलेला. प्रशिक्षक गढवाली, वयाने माझ्या मुलाएवढे. म्हणाले, "दीदी, नीचे कुछ नहीं रखा है, नंदादेवी को देखो." नजर वर गेली, पाठ सरळ झाली आणि पुढची दोन वळणं आधीच दिसायला लागली. तेव्हापासून मी एका वळणात असताना पुढचं कुठे घ्यायचं ते बघते.

पन्नाशीच्या पुढच्या मैत्रिणींना एक सांगते : जाण्याआधी दोन महिने भिंतीला पाठ टेकून खुर्चीत बसल्यासारखं बसायचा सराव करा. मांड्या दमल्या की पहिला बळी तंत्राचा जातो, आणि पडणं बहुतेक दुपारनंतर होतं. शेवटची फेरी घ्यावीशी वाटली, तरी मी आता ती सोडून देते.