आइस्क्रीमसोबत वाढायचे घरचे वॉफल कुरकुरीत कसे ठेवावेत? (मदत हवी आहे)

नमस्कार. घरी केलेले वॉफल आइस्क्रीमसोबत वाढल्यावर निदान कडेने तरी शेवटच्या घासापर्यंत कुरकुरीत राहावेत, यासाठी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. साच्यातून काढताक्षणी वॉफल अगदी मनासारखा असतो. टिचकी मारली तर टणक आवाज येतो आणि खळग्यांच्या कडांना छान तांबूस रंग आलेला असतो. मात्र आइस्क्रीमचा गोळा ठेवून ताटली समोर येईपर्यंत तो सादळतो, आणि गोळ्याखालच्या भागाचा तर लगदाच होतो.

सध्याचे प्रमाण असे आहे: २०० ग्रॅम मैदा, २ चहाचे चमचे बेकिंग पावडर, २ मोठे चमचे साखर, चिमूटभर मीठ, २ अंडी, ३०० मिलिलीटर दूध आणि ५० ग्रॅम वितळवलेले लोणी. कोरडे जिन्नस एकत्र चाळून घेते, ओले जिन्नस वेगळे फेटते आणि मग दोन्ही एकत्र करून गुठळ्या पूर्ण मोडेपर्यंत घोटते. वॉफल मेकर विजेवर चालणारा, खोल खळग्यांचा आहे; हिरवा दिवा लागला की मिश्रण ओतते आणि पुन्हा हिरवा दिवा लागला की वॉफल काढते. एका वेळी एकच वॉफल होत असल्यामुळे बाकीचे होईपर्यंत तयार वॉफल एकावर एक रचून, वर रुमाल झाकून ठेवते, जेणेकरून ते गरम राहावेत.

आणखी एक गोष्ट लक्षात आली आहे, ती कितपत महत्त्वाची आहे हे ठाऊक नाही. आइस्क्रीम न घालता नुसता ठेवलेला वॉफलसुद्धा खालच्या बाजूने मऊ पडतो, आणि तो उचलला की ताटलीवर चौकोनी नक्षीच्या आकारात बारीक थेंब जमलेले दिसतात. त्यामुळे सगळा दोष आइस्क्रीमचाच आहे की मुळात मिश्रणातच काही कमीजास्त होते आहे, असा प्रश्न पडला आहे.

मिश्रणाच्या प्रमाणात नेमका काय बदल करावा, लोण्याऐवजी तेल वापरल्याने फरक पडतो का, आणि आठ-दहा जणांना एकाच वेळी वाढायचे असल्यास क्रम कसा लावावा, हे कृपया सांगावे. पाहुण्यांपैकी काही जण अंडे खात नाहीत. तेव्हा बिनअंड्याचे प्रमाणही कोणी देऊ शकल्यास फार उपयोग होईल.
– चौकटराणी

वाफाळ यांचे उत्तर:
आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर ताटलीवरच्या त्या थेंबांत आहे. साच्यातून निघालेल्या वॉफलच्या पोटात बरेच पाणी वाफेच्या रूपात शिल्लक असते आणि बाहेर पडण्यासाठी ते वाट शोधत असते. सपाट ताटलीवर ठेवला की खालून निघालेली वाफ थंड पृष्ठभागावर लगेच पाणी होते आणि वॉफल तेच पुन्हा शोषून घेतो. एकावर एक रचून वर रुमाल झाकणे म्हणजे तर प्रत्येक वॉफलला शेजारच्याच्या वाफेत उकडणे होय. आइस्क्रीम येण्याआधीच निम्मे नुकसान झालेले असते.

म्हणून पहिला बदल असा करावा की वॉफल काढल्यावर तो तारेच्या जाळीवर, चारी बाजूंनी हवा लागेल असा, दीड-दोन मिनिटे ठेवावा. गोड मिश्रणाचा वॉफल काढल्याबरोबर थोडा लवचीक वाटतो आणि जाळीवर वरचा थर निवू लागला की कडक होतो, त्यामुळे या दोन मिनिटांची धास्ती घेऊ नये. आतून तो गरमच राहतो आणि गरम-गारचा जो मेळ आपल्याला हवा असतो तोही बिघडत नाही. उलट साच्यातून थेट निघालेल्या वॉफलवर गोळा ठेवला तर आइस्क्रीमचा तळ क्षणात वितळतो आणि ते दूध खळग्यांत साचून राहते.

हिरव्या दिव्याबाबतही सावध राहावे. तो दिवा साच्याच्या तापमानाची खबर देतो. वॉफल आतून शिजून कोरडा झाला की नाही, हे त्याला कळत नाही. खरी खूण वाफेची आहे. मिश्रण ओतल्यावर कडेने भसाभस वाफ येते, हळूहळू ती विरळ होते आणि जवळजवळ थांबते. तिथून पुढे अर्धे-पाऊण मिनिट थांबून मगच झाकण उचलावे. घाईने उचलले तर वॉफल मधोमध फाटून अर्धा वर आणि अर्धा खाली चिकटण्याचीही शक्यता असते. दूध आणि साखर जास्त असलेल्या मिश्रणाला रंग लवकर चढतो, म्हणून नुसत्या रंगावर भरवसा ठेवू नये. आच नियंत्रित करण्याची सोय असल्यास ती मध्यमपेक्षा किंचित वर ठेवावी आणि वॉफलला वेळ जास्त द्यावा, म्हणजे रंग आणि कोरडेपणा बरोबरच येतात.

पिठाक्षरे यांचे उत्तर:
वरील उत्तराशी सहमत आहे. जाळीचा उपाय सगळ्यांत आधी करावा. मात्र आपल्या प्रमाणातही सुधारणेला वाव आहे. २०० ग्रॅम मैद्याला ५० ग्रॅम लोणी हे पॅनकेकच्या वळणाचे प्रमाण झाले. शिवाय लोण्यात साधारण १६ टक्के पाणी असते, म्हणजे प्रत्यक्षात स्निग्धांश ४०-४२ ग्रॅमच पडतो. त्याऐवजी ८० मिलिलीटर बिनवासाचे तेल घेऊन पाहावे. वॉफलचा बाहेरचा थर साच्यात जवळजवळ तळला जातो आणि त्यासाठी मिश्रणातच पुरेशी चरबी असावी लागते. चवीसाठी लोणी हवेच असेल तर ६० मिलिलीटर तेल आणि २५ ग्रॅम लोणी असे मिश्र प्रमाण घ्यावे. वितळलेले लोणी थंडगार दुधात ओतल्यास त्याचे कण गोठतात, तेव्हा दूध फ्रिजबाहेर काढून ठेवलेले असावे.

दुसरे म्हणजे मैद्यापैकी ५० ग्रॅम काढून तेवढेच कॉर्नफ्लोअर घालावे. मैद्यातील ग्लुटेनमुळे चिवटपणा येतो; कॉर्नफ्लोअर हा निव्वळ स्टार्च असल्यामुळे त्याचा थर पातळ आणि ठिसूळ बनतो. तांदळाच्या पिठीनेही काम भागते, पण ती किंचित रवाळ लागते. दुधापैकी १०० मिलिलीटरच्या जागी साधे पाणी वापरल्यास रंग सावकाश येतो आणि वॉफल साच्यात जास्त वेळ राहून अधिक कोरडा होऊ शकतो. गुठळ्या पूर्ण मोडेपर्यंत घोटणे मात्र थांबवावे. कोरडे पीठ दिसेनासे झाले की हात आवरावा. उरलेल्या बारीक गुठळ्या दहा मिनिटे मिश्रण तसेच ठेवल्यावर आपोआप विरघळतात.

पांढरा बलक वेगळा फेटून शेवटी मिसळण्याची पद्धत सर्वत्र सांगितली जाते. तिने वॉफल हलका होतो हे खरे, पण आपली अडचण हलकेपणाची नाही, त्यामुळे हा खटाटोप केला नाही तरी चालेल असे माझे मत आहे. श्रम घ्यायचेच असतील तर ते यीस्टच्या मिश्रणावर घ्यावेत. बेकिंग पावडरऐवजी अर्धा चहाचा चमचा इन्स्टंट यीस्ट घालून मिश्रण रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावे, आणि भांडे दुप्पट मोठे घ्यावे, कारण मिश्रण थंडीतही फुगते. बेल्जियममधला आयताकृती, खोल खळग्यांचा ब्रसेल्स वॉफल परंपरेने यीस्टचाच असतो, आणि क्रीम किंवा आइस्क्रीमबरोबर खायला तोच जास्त सोयीचा आहे. त्याच देशातील लिएज शहराच्या नावाचा वॉफल मात्र वेगळा असतो. त्याचे पीठ मळलेल्या गोळ्यासारखे असते आणि त्यात साखरेचे टपोरे खडे घालतात. ते साच्यात वितळून बाहेरून कॅरॅमलचा कडक थर धरतो. या थरामुळे तो लवकर ओला होत नाही हे खरे, परंतु नंतर साचा घासताना जो त्रास होतो तो लक्षात घेऊनच त्या वाटेला जावे.

आता आइस्क्रीमपासून संरक्षण. बाजारातल्या पाकीटबंद कोनच्या आत चॉकलेटचा पातळ थर दिलेला असतो, तो केवळ चवीसाठी नसतो. आइस्क्रीमचा ओलावा कोनपर्यंत पोहोचू नये हा त्याचा मुख्य हेतू असतो. हीच युक्ती वॉफलला लावता येते. १०० ग्रॅम गडद चॉकलेट २ चहाचे चमचे खोबरेल तेलाबरोबर मंद आचेवर गरम पाण्याच्या भांड्यावर वितळवावे, आणि जाळीवर पूर्ण निवलेल्या वॉफलच्या एका बाजूला ब्रशने लावावे. खळग्यांचे तळ आणि आतल्या भिंती झाकल्या गेल्या पाहिजेत, कारण वितळलेले आइस्क्रीम प्रथम तिथेच उतरते. थर घट्ट झाला की वर गोळा ठेवावा. गरम वॉफलवर चॉकलेट बसत नाही, त्यामुळे या पद्धतीत गरम-गारची मजा सोडावी लागते. दोन्ही एकदम मिळत नाहीत.

बिनअंड्याची यांचे उत्तर:
अंडे न खाणाऱ्यांसाठी हे प्रमाण नेहमी जमून येते: १५० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम कॉर्नफ्लोअर, १ चहाचा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चहाचा चमचा खाण्याचा सोडा, २ मोठे चमचे साखर, पाव चमचा मीठ, २४० मिलिलीटर आंबूस ताक आणि ७० मिलिलीटर तेल. ताकातील आंबटपणा आणि सोडा यांचा संयोग झाला की लगेच वायू सुटू लागतो, म्हणून हे मिश्रण फार वेळ ठेवू नये. साचा तापल्यावरच ताक घालावे. मिश्रण पळीतून सरसर पडण्याऐवजी जाडसर धारेने पडले पाहिजे. फार घट्ट वाटल्यास दोन चमचे पाणी घालावे.

अंड्यातील पिवळ्या बलकात लेसिथिन असते, ते चरबी आणि पाणी एकत्र धरून ठेवते. बिनअंड्याच्या मिश्रणाला तो आधार नसतो आणि ते साच्याला चिकटण्याची शक्यता अधिक असते. प्रत्येक वॉफलच्या आधी दोन्ही बाजूंना ब्रशने तेलाचा पुसट हात फिरवावा. डब्यातून फवारायचे तेल शक्यतो टाळावे. त्याचा चिकट थर साच्यावर बसतो आणि पुढे निघता निघत नाही.

एक मतभेद नोंदवते. गोळ्याखालचा भाग जरासा भिजणे हा दोष आहे असे मला वाटत नाही. वितळलेले आइस्क्रीम मुरलेला एखादा खळगा हाच त्या ताटलीतला सर्वांत चविष्ट घास असतो. सबंध वॉफल भिजू नये एवढेच पाहावे. त्यासाठी वॉफलचे चार तुकडे करून दोन आडवे आणि दोन त्यांना टेकून तिरके उभे ठेवावेत, गोळा आडव्या तुकड्यांवर ठेवावा आणि सॉस वरून न ओतता लहान वाटीत वेगळा द्यावा. उभे तुकडे शेवटपर्यंत कुरकुरीत राहतात.

चौकटराणी:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. जाळी आणि वाफेची खूण या दोन गोष्टींनीच मोठा फरक पडेल असे दिसते. एक शंका उरली आहे: आठ-दहा जणांसाठी वॉफल करताना पहिला वॉफल शेवटचा होईपर्यंत जाळीवर पूर्ण गार होईल. त्याला गरम कसे ठेवावे? आणि तोवर आइस्क्रीम बाहेर काढून ठेवावे का?

वाफाळ:
ओव्हन १०० अंश सेल्सिअसवर तापवून, त्यात जाळी ठेवून वॉफल एकेरी थरात मांडत जावेत. वीस-पंचवीस मिनिटे ते गरमही राहतात आणि उरलीसुरली वाफही निघून जाते; रचून ठेवायचे मात्र नाहीत. ओव्हनमध्ये तेवढी जागा नसेल तर सगळे वॉफल आदल्या दिवशीच थोडे फिकट भाजून, जाळीवर पूर्ण निववून फ्रीझरमध्ये ठेवावेत. आयत्या वेळी बर्फ न उतरवता थेट टोस्टरमध्ये, किंवा १८० अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये पाच-सहा मिनिटे ठेवले की बाहेरचा थर पुन्हा कडक होतो. मायक्रोवेव्हमध्ये मात्र ठेवू नयेत. त्यात आतल्या पाण्याची वाफ होऊन ती बाहेरच्या थरात मुरते आणि वॉफल आधी ओला व नंतर वातड होतो.

आइस्क्रीम बाहेर काढून ठेवण्याची गरज नाही. घरच्या फ्रीझरमध्ये ते साधारण उणे १८ अंशांवर असते आणि गोळे काढायला कठीण जाते, म्हणून अनेक जण डबा आधीच बाहेर ठेवतात आणि मग मऊ झालेले आइस्क्रीम गरम वॉफलवर टिकत नाही. त्याऐवजी पाहुणे येण्याच्या तास-दीड तास आधी डबा थोडा वेळ बाहेर ठेवून सगळे गोळे काढावेत, फ्रीझरमध्ये गार केलेल्या तबकावर बटर पेपर घालून त्यावर मांडावेत आणि तबक परत फ्रीझरमध्ये सरकवावे. वाढताना वॉफल जाळीवरून ताटलीत, त्यावर तबकातला एक घट्ट गोळा, आणि ताटली लगेच पाहुण्यांच्या हाती. ताटल्या मात्र गरम करू नयेत, कारण गोळा प्रथम कडेने घसरतो तो गरम ताटलीवरच.