क्रिप्टो कधी विकलंत, की अजून धरून बसलाय? अनुभव सांगा

कंदी_पेढा:
काल भाच्याचा फोन, "मामा, विकू का ठेवू?" आणि सगळं जुनं वर आलं. मार्च २०२० ला सुप्रीम कोर्टाने रिझर्व्ह बँकेचं २०१८ चं ते सर्क्युलर, क्रिप्टोवाल्यांना बँकांची दारं बंद करणारं, उडवलं, बँकेतून परत पैसे टाकता यायला लागले, त्यात लॉकडाऊन. बिटकॉइन पाच-सहा लाखाला होतं, त्यातला एक तुकडा घेतला आणि घरी कोणाला बोललो नाही. नोव्हेंबर २०२१ ला पन्नास लाखाच्या घरात गेलं. तेव्हा अर्धं विकलं, पण भावाचं काही कळत होतं म्हणून नव्हे हां, गावच्या घराचा स्लॅब पडायचा होता आणि मिस्त्री रोज "दादा, सळई चढतीय" करून डोकं खात होता. उरलेलं अजून आहे. पुढच्या वर्षी एफटीएक्स हे क्रिप्टो एक्स्चेंज बुडालं, बिटकॉइन १६ हजार डॉलरवर आलं तेव्हाही राहिलं, कारण तेव्हा स्लॅब नव्हता. भाच्याला काय सांगू? तुमचं कोणी ठरवलं?

फोडणी:
डोजकॉइन, ते कुत्र्याचं नाणं!! मे २०२१!! मस्क त्या कॉमेडी शोमध्ये येणार म्हणून ऑफिसचा अख्खा ग्रुप "एक डॉलर, एक डॉलर" करत होता. आपल्याकडे रविवार सकाळ, पोहे भिजवलेले, एका हातात झारा एका हातात फोन, तो बोलायला लागला आणि इकडे भाव सुटलाच खाली, ७० सेंटवरून ५० कडे. नवरा म्हणे ते राहू दे, कांदा करपतोय. पोह्यांना वाफ येईपर्यंत सगळं विकलं, घेतलेलं रुपयाच्या आत त्यामुळे नफाच. ग्रुपवाले अजून एक डॉलरची वाट बघतायत 😂

खवट:
विकण्याआधी कर बघा हो. एप्रिल २०२२ पासून नफ्यावर सरसकट ३०%, वर सेस. एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही आणि पुढच्या वर्षीही ओढता येत नाही. म्हणजे बिटकॉइनमध्ये ४० हजार कमावले, कुठल्यातरी कुत्र्याच्या नाण्यात ४० हजार घालवले, खिशात शून्य आणि सरकारला १२,४८०. १% टीडीएस कापतात तो रिटर्नमध्ये वळता करून घ्या, भाच्याला हेच सांगा.

माई:
त्यापेक्षा सोनं घ्यायचं. लग्नाकार्यात घालता तरी येतं.

फोडणी:
@माई तुमच्या मागच्या धाग्यातली ती तोड्यांची डिझाइन टाका ना परत

रिकामटेकडा:
जुलै २०२४. एक्स्चेंज हॅक, विथड्रॉल बंद. विकू का ठेवू हा प्रश्नच मिटला. डिसेंबरात बिटकॉइन लाख डॉलरच्या वर गेलं तर नातेवाइकांचे अभिनंदनाचे मेसेज, मेव्हणा पार्टी मागतोय. काय सांगणार, दिली पार्टी.

खवट:
अरेरे. मग मिळाले का काही?

रिकामटेकडा:
थोडे. बाकीचं विचारू नका, बीपीची गोळी आत्ताच घेतलीय

म्युनिकवाला:
इकडे जर्मनीत वर्षभर धरून ठेवलं की खासगी विक्रीवर कर नाही, त्यामुळे आमचं कॅलेंडर ठरवतं. जानेवारी २०२१ ला बिटकॉइन घेतलं, नोव्हेंबरात ६९ हजार डॉलर झालं, वर्ष भरायला दोन महिने बाकी. बायको म्हणाली कर भर पण विक, मी म्हटलं एवढं कशाला द्यायचं सरकारला. जानेवारीत वर्ष भरलं. कर वाचला खरा, पण कर लावण्याएवढा नफाच कुठे उरला होता!

कंदी_पेढा:
@म्युनिकवाला 🤣🤣 वहिनींना नमस्कार सांगा

घारू:
आमच्या बंधूंनी कधीच विकलं नाही, खंदा होल्डर. कारण वॉलेट परत उघडायला लागतात ते बारा शब्द कालनिर्णयच्या पानामागे लिहिले होते आणि आईने जानेवारीत कालनिर्णय रद्दीत दिलं. फोन आधीच फॉरमॅट झालेला. आई म्हणते, महत्त्वाचं होतं तर वहीत लिहायचं.

माई:
आईचं बरोबर आहे.

फोडणी:
@घारू एकही शब्द आठवत नाही त्यांना??

घारू:
एक. बनाना.

खवट:
ते शब्द ज्या यादीतून येतात तिच्यात २०४८ शब्द असतात. अजून अकरा आठवा म्हणावं, तेही क्रमाने.

घारू:
सांगितलं. केळं दाखवलं तरी उठून जातो आता.