'काउंटी सीट' असलेलं व्हिलेज: खेडं, गाव की कसबा?

पायवाट:
आई-बाबा पुढच्या महिन्यात आमच्याकडे अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीला येतायत. त्यांना कूपर्सटाउन दाखवायचं आहे, म्हणून रस्त्याचं टिपण मराठीत लिहायला घेतलं आणि दुसऱ्याच ओळीला अडलो. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, आणि काउंटी सीट म्हणजे तिचं मुख्यालय. 'कूपर्सटाउन हे ऑटसीगो काउंटीचं मुख्यालय असलेलं खेडं' असं लिहून पाठवलं तर बाबांचा लगेच फोन: "खेड्यात कोर्ट-कचेरी कुठली? तालुक्याचं ठिकाण म्हण." पण तिथली कायदेशीर संज्ञाच व्हिलेज आहे आणि २०२० च्या जनगणनेत वस्ती १,७९४. आणखी एक, 'लँडमार्क'ला काय म्हणू? तिथल्या ऑटसीगो तळ्यातला किंगफिशर टॉवर (१८७६ चा, ६० फुटी) आईला दुरून ओळखता आला पाहिजे.

गोदाकाठ:
कसबा म्हणा! जुन्या महसुली कागदांत साधं गाव ते 'मौजे' आणि पेठ, अंमलदार असलेलं मुख्य गाव ते 'कसबे'. आमच्या निफाड तालुक्यात कसबे सुकेणे आणि मौजे सुकेणे दोन्ही आहेत, सांगलीकडे कसबे डिग्रज, मौजे डिग्रज. लहानपणी मला कसबे हे कुणाचं तरी आडनाव वाटायचं. आजोबांनी जमिनीचा जुना कागद समोर ठेवून फरक समजावला, तेव्हापासून हा शब्द मला फार जवळचा आहे. दीड-दोन हजार वस्ती, पण आसपासची गावं कामाला तिथेच येतात, हे एका शब्दात दुसरं कशानं सांगणार?

अक्षरा:
कसबा अरबी आहे. आपल्याकडे 'मुख्यग्राम' असा सरळ अर्थवाही शब्द होऊ शकतो. नवा शब्द हवा असेल तेव्हा तरी संस्कृतकडे जावं असं मला मनापासून वाटतं.

गोदाकाठ:
'जिल्हा' आणि 'तालुका'ही अरबीच. ते काढून पायवाट यांच्या आईंना पत्ता कसा सांगायचा? 'मुख्यग्राम' मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

लालमाती:
बाबांना ओरोसचं उदाहरण द्या. १९८१ ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला आणि मुख्यालय ओरोसला आलं. सरकारी पाटीवर सिंधुदुर्गनगरी, आम्ही ओरोसच म्हणतो. महामार्गाला लागून कलेक्टर कचेरी, बाकी सगळं गावच. म्हणून माझं मत 'जिल्ह्याचं गाव'. खेडं मात्र नको, त्यात शेतीवाडी आणि हलाखी दोन्ही डोळ्यांसमोर येतात.

पायवाट:
'जिल्ह्याचं गाव' आवडलं. पण न्यूयॉर्क राज्यात व्हिलेजला स्वतःचा महापौर आणि विश्वस्त मंडळ असतं, म्हणजे कारभार नगरपंचायतीसारखा. आणि टाउन म्हणजे शहर नव्हे, काउंटीचा एक विभाग. कूपर्सटाउन बरंचसं ऑटसीगो टाउनमध्ये आणि थोडं मिडलफील्डमध्ये येतं. हे बाबांना फोनवर सांगताना मीच दोनदा चुकलो. असो, पुढची ओळ: '२० नंबरच्या महामार्गाने येऊन ८० नंबरच्या महामार्गाला वळायचं, तो तळ्याच्या पश्चिम काठाने थेट गावात उतरतो.'

मैलकुली:
८० ला महामार्ग म्हणू नका हो. तो राज्याचा रस्ता, दक्षिणेकडून येणारा २८ सुद्धा. आपल्या बांधकाम खात्याची उतरंड बघा: राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग. मैलाच्या दगडाचं डोकं पिवळं तर राष्ट्रीय, हिरवं तर राज्य. माझे वडील रस्त्यावर कामाला होते, दगड रंगवताना मी त्यांच्याबरोबर डबा धरून फिरलोय. महामार्ग म्हटलं की तुमच्या आई सहापदरी रस्ता शोधत बसतील. २० ला महामार्ग, ८० ला राज्यमार्ग.

अक्षरा:
किंवा हमरस्ता. सर्वांचा, म्हणजे 'आम' रस्ता.

गोदाकाठ:
आम नव्हे, फारसी 'हम', म्हणजे सोबत. हमराही, हमदम यातला.

अक्षरा:
मग 'सोबत रस्ता' याचा अर्थ काय लागतो? अर्थ आमचाच बसतो.

मैलकुली:
दोन्ही बाजूंना पटलं तरी दगडावर कुणी हमरस्ता लिहीत नाही.

ओवी:
लँडमार्क राहिलाच की! खूण म्हणा. माझी आजी रस्ता सांगायची तो सगळा खाणाखुणांवर: मारुतीचं देऊळ, मग मोडकी विहीर, मग डावीकडे. टॉवरला बुरूज म्हणा, आईंना लगेच दिसेल. आणि तळ्यातून सस्क्वेहॅना नदी निघते, तिथे पाण्यात कौन्सिल रॉक आहे ना? मूळ रहिवासी तिथे जमत असत असं सांगतात. त्याला चावडीचा खडक म्हटलं तर?

लालमाती:
चावडीत सरकार आलं, पाटील-कुलकर्णी आले. जमायची जागा म्हणजे पार.

ओवी:
पाराला झाड लागतं. पाण्यातल्या खडकाला पार कसं म्हणू?

वऱ्हाडी:
रस्त्याचं चाललंय म्हणून विचारतो. आमच्याकडे डांबरी ती सडक आणि शेतातली बैलगाडीची वाट ती पांदण. हमरस्ता मी फक्त पेपरात वाचलाय.

मैलकुली:
पांदण की पाणंद? आमच्या कोल्हापुराकडे पाणंदच.

वऱ्हाडी:
पांदण. आमच्या अख्ख्या गावाला विचारा.